पत्री सरकार (प्रतिसरकार), सातारा

पत्री सरकार म्हणजे १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात लोकांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून चालवलेलं स्वतःचं सरकार. तेव्हाचा सातारा आजच्यापेक्षा बराच मोठा होता, आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सगळे तालुके त्यातच यायचे, आणि चळवळ सगळ्यात जास्त पेटली ती याच कृष्णाकाठच्या पट्ट्यात. मूळ नाव प्रतिसरकार. लोकांच्या तोंडी त्याचं पत्री सरकार झालं कारण पोलिसांच्या खबऱ्यांना आणि गावगुंडांना पकडून बैलाघोड्याला नाल मारतात तशी पायाला पत्री ठोकतात अशी बोलवा सगळीकडे पसरली. प्रत्यक्षात बहुतेक वेळा हात बांधून तळपायावर काठीचे फटके द्यायचे, माणूस काही दिवस धड चालू शकायचा नाही. पत्रीच्या या गोष्टी अजूनही रंगवून सांगतात पण त्यामुळे एक मोठी गोष्ट मागे पडते, ती म्हणजे हे नुसतं बंड नव्हतं, इथे खरोखर कारभार चालत होता.

सुरुवात झाली ४२ च्या मोर्चांपासून. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर चले जावचा ठराव झाला, मोठे पुढारी लगेच आत गेले, आणि मग खाली गावातल्या कार्यकर्त्यांनीच ठरवलं की मामलेदार कचेरीवर चालून जायचं आणि तिरंगा लावायचा. कराड, पाटण, तासगावचे मोर्चे पार पडले. ९ सप्टेंबरला वडूजला मात्र पोलिसांनी निःशस्त्र लोकांवर गोळीबार केला, हातात झेंडा घेऊन पुढे असलेले परशुराम घार्गे पडले, त्यांच्यासकट नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला तेच, तिथे दोघे हुतात्मा झाले. इथून पुढे पोरांचा विचार बदलला. मोर्चा काढून गोळ्या खायच्या आणि राहिलेल्यांनी जेलमध्ये जायचं यापेक्षा भूमिगत व्हायचं आणि सरकारला कामच करू द्यायचं नाही, असं ठरलं.

नेतृत्व क्रांतिसिंह नाना पाटलांचं. येडेमच्छिंद्रचे, एकेकाळी तलाठी होते, नोकरी सोडून १९३० पासून चळवळीत. तलाठी असल्यामुळे सरकार गावात कुठून शिरतं आणि कशावर जगतं हे त्यांना आतून माहीत होतं, आणि भाषण असं अस्सल गावरान की बायामाणसं भाकरी बांधून ऐकायला यायची. सरकारने त्यांचं घर जमीन सगळं जप्त केलं, डोक्यावर इनाम लावलं, पण ते शेवटपर्यंत सापडले नाहीत. त्यांच्याबरोबर वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाईकडचे किसन वीर असे वेगवेगळ्या भागातले कार्यकर्ते होते. कुंडल हे गाव औंध संस्थानात होतं हा पण मोठा आधार, कारण औंधच्या राजांनी म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आधीच कारभार प्रजेच्या हातात दिला होता आणि भूमिगतांना तिथे आसरा मिळायचा.

कारभार कसा चालायचा ते बघण्यासारखं आहे. भागाभागात गट, आणि गावात लोकांनी निवडलेले पंच. भाऊबंदकीचा तंटा, बांधाचं भांडण, सावकाराने हडपलेली जमीन, नवऱ्याने टाकलेली बाई, असली प्रकरणं पंचांपुढे यायची. वकील नाही, स्टॅम्प नाही, कोर्टाच्या तारखा नाहीत. दोन्ही बाजू गावासमोर बोलायच्या आणि निकाल तिथल्या तिथे. साध्या शेतकऱ्याला सरकारी कोर्टात पिढ्यानपिढ्या जे मिळालं नव्हतं ते इथे एका बैठकीत मिळायचं, त्यामुळे लोक आपणहून कोर्टाकडे जायचे बंद झाले, आणि माझ्या मते इंग्रजांचा खरा पराभव तिथे झाला. शिवाय दारूबंदी, काळाबाजार करणाऱ्यांना चाप, दरोडेखोरांच्या टोळ्यांचा बंदोबस्त आणि गांधी लग्न. म्हणजे हुंडा नाही, वाजंत्री नाही, खादीचे कपडे आणि सुताचे हार, झालं लग्न. जी. डी. बापूंनी स्वतःचं लग्न १९४५ मध्ये कुंडलला असंच केलं.

लढणारा भाग म्हणजे तुफान सेना. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पुण्याहून मिरजेकडे जाणारी पगाराची गाडी अडवली, पुढे रुळावर दगड रचले आणि गाडी मागे पळू नये म्हणून मागेपण रचले. हातात काठ्या, विळे, जोडीला दोनतीन गावठी बॉम्ब. १९ हजार १७५ रुपये मिळाले. त्यात पुढे असलेले कॅप्टन भाऊ लाड म्हातारपणी पण सांगायचे की याला लूट म्हणू नका, इंग्रजांनी आपल्याच लोकांचे नेलेले पैसे आम्ही परत आणले. १४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला तो याहून कितीतरी मोठा, साडेपाच लाखांच्या आसपास.

बायकांशिवाय यातलं काहीच चाललं नसतं. निरोप पोचवणं, हत्यारं लपवणं, रात्री अपरात्री आलेल्या माणसांना भाकरी घालणं हे घरोघर चालायचं. नानांची मुलगी हौसाताई तर थेट कारवाईत असायच्या. एकदा पोलीस ठाण्यासमोर नवरा बायकोला मारतोय असं सोंग केलं, त्या मार खात रस्त्यावर ओरडायला लागल्या, पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले तेवढ्यात साथीदारांनी आत शिरून रायफली नेल्या. मार मात्र खोटा नव्हता, सोंग उघडं पडू नये म्हणून तो खराच खावा लागला.

उत्तर प्रदेशातल्या बलियाला आणि बंगालमधल्या तामलुकलाही ४२ नंतर अशी सरकारं उभी राहिली, पण बलियाचं काही दिवसच टिकलं आणि तामलुकचं १९४४ पर्यंत. सातारचं सगळ्यात जास्त चाललं. किंमतही तशीच मोजावी लागली, २५ फेब्रुवारी १९४६ ला म्हणजे स्वातंत्र्य दीड वर्षावर आलं असताना मणदूरच्या चकमकीत किसन अहिर आणि नानकसिंग हे दोघे गेले.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागे घेतली गेली आणि भूमिगत माणसं उजेडात आली. नाना पाटील पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले, १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला बीडमधून खासदार झाले. ६ डिसेंबर १९७६ ला ते गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यसंस्कार वाळव्याला, त्यांच्या जुन्या साथीदारांच्या गावात झाले.