पीडीएफ केली म्हणून लोगो व्हेक्टर होत नाही

जेपीजी आणि पीएनजीवर फार शब्द खर्च करत नाही. लहान फोटो ताणला की फुटतो, हे लग्नाच्या फ्लेक्सवर नवरदेवाचा चौकटी-चौकटींचा चेहरा पाहिलेल्या कुणालाही माहीत आहे. व्हेक्टरमध्ये ठिपके नसतात, रेषांचं गणित असतं, त्यामुळे तो लोगो व्हिजिटिंग कार्डावर बसतो तसाच वीस फुटी बोर्डावरही बसतो. हेही बहुतेकांनी ऐकलेलं असतं.

घोळ होतो तो पुढे. प्रेसवाला सांगतो, "लोगो व्हेक्टरमध्ये पाठवा. सीडीआर, पीडीएफ, काहीही चालेल." मग क्लासचे सर किंवा कृषी सेवा केंद्राचे मालक काय करतात? व्हॉट्सॲपवर आलेला जेपीजी वर्डमध्ये टाकतात, 'सेव्ह ॲज पीडीएफ' करतात आणि पाठवून मोकळे होतात. पुतण्या जरा जाणकार असला तर तो कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे आपल्या कोरलमध्ये, इम्पोर्ट करून त्याची सीडीआर फाईल बनवतो. त्याहून जाणकार असला तर जेपीजीचं एसव्हीजी (वेबसाठीचा व्हेक्टर प्रकार) करून देणारी एखादी वेबसाइट शोधतो. तिन्ही वेळा बदलतं ते फक्त एक्स्टेंशन, आत बहुतेक वेळा तोच जेपीजी बसलेला असतो. वर ऐकून घ्यायचं, "पीडीएफ तर दिली ना भाऊ, अजून काय पाहिजे?"

तर एकदा नीट सांगतो. सीडीआर, एआय, ईपीएस, पीडीएफ आणि एसव्हीजी या सगळ्यांत व्हेक्टर मावतो आणि फोटोही मावतो. एक्स्टेंशनवरून कळतं ते इतकंच, की आत व्हेक्टर असू शकेल. आहे का, ते उघडून बघावं लागतं. बघायला मिनिटभरही लागत नाही, तरी कुणी बघत नाही, याचीच चीड येते.

पीडीएफ असेल तर ॲक्रोबॅट रीडरमध्ये ६४०० टक्क्यांपर्यंत झूम करा. अक्षराची कड तिथेही स्वच्छ राहिली तर व्हेक्टर. कडेला पायऱ्या आणि करडी धूळ दिसली तर फोटो. कोरलमध्ये लोगोवर क्लिक करून खालचा स्टेटस बार वाचा. तिथे 'बिटमॅप', म्हणजे ठिपक्यांचा फोटो, आलं की विषय संपला. ॲडोबीच्या इलस्ट्रेटर या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-वाय दाबा. खऱ्या व्हेक्टरची रूपरेषा दिसते, फोटोच्या जागी नुसती चौकट उरते.

एसव्हीजीची परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण ती मुळात मजकुराची फाईल आहे आणि सरळ नोटपॅडमध्ये उघडते. आत 'पाथ' हा शब्द आणि त्यापुढे एम, सी, एल, झेड अशा अक्षरांमध्ये ओवलेले आकडे दिसले तर माल अस्सल. कुठून निघायचं, कुठे वळायचं, कुठे बंद करायचं, हेच त्या आकड्यांत लिहिलेलं असतं. त्याऐवजी 'इमेज' आणि मागे 'बेस६४' म्हणून संपता न संपणारा अक्षरांचा गिचमिडा दिसला, तर तो फोटोच आहे. त्याला एसव्हीजीचं नाव दिलं एवढंच.

हिशोब करून बघा. ६०० पिक्सेल, म्हणजे ६०० ठिपके, रुंदीचा लोगो १० फुटी फ्लेक्सवर आडवा पसरायचा आहे. १० फूट म्हणजे १२० इंच, म्हणजे इंचाला ५ पिक्सेल. एकेक पिक्सेल साधारण ५ मिलिमीटरचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. या जेपीजीची पीडीएफ करा, सीडीआर करा, त्यात एकही पिक्सेल वाढत नाही. फ्लेक्स लांबून बघतात म्हणून निदान खपून तरी जातं. रेडियमवाल्याकडे तेही नाही. त्याच्या कटिंग प्लॉटरची पाती रेषेवरून चालते. फोटोत रेषाच नाही, तर ती चालणार कुठून? ॲक्रिलिकची अक्षरं कापणारं लेझर आणि बोर्डाची एसीपी शीट कापणारं सीएनसी मशीन यांचंही तेच.

मग कुणीतरी म्हणतं, "ट्रेस मारून टाका की." म्हणजे फोटोवरून सॉफ्टवेअरलाच आपोआप रेषा काढायला लावायच्या. कोरलचं पॉवरट्रेस काय किंवा इलस्ट्रेटरचं इमेज ट्रेस काय, त्यातून निघतो तो व्हेक्टरच, हे मान्य. पण चुरगळलेल्या जेपीजीवरून ट्रेस मारलेला देवनागरी लोगो एकदा जवळून बघा. शिरोरेषा वाकडीतिकडी झालेली. अनुस्वाराचा बटाटा झालेला. 'श्री'मधल्या बारीक फटी बुजलेल्या. जिथे चार नोडमध्ये (रेषेवरच्या वळणाच्या बिंदूंमध्ये) काम भागलं असतं तिथे शंभर नोड, आणि प्लॉटर प्रत्येक नोडवर अडखळणार. ट्रेसला माझा सक्त विरोध आहे. फोटो खाली लॉक करून ठेवा आणि वरून हाताने काढा. वर्तुळ इलिप्स टूलने, शिरोरेषा आयताने, अक्षरं मूळ फॉन्ट शोधून पुन्हा टाइप करून. साधा लोगो असेल तर चहा येईपर्यंत होतो.

अक्षरं टाइप केली की ती कर्व्ह करायची, म्हणजे मजकुराचं नुसत्या आकारांत रूपांतर करायचं, प्रेसला देताना आणि वेबला देतानाही. मराठीत तर यात सूटच नाही. लोगो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल आणि समोरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल, तर नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोड असलं तरी जुन्या कोरलमध्ये ऱ्हस्व वेलांटी भलत्याच बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. पण कर्व्ह न केलेली एक प्रत स्वतःकडे राहू द्या, कारण कर्व्ह केलेला मजकूर पुन्हा टाइप करून बदलता येत नाही. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. नावाखाली गाव लिहिलेल्या लोगोंना ती प्रत कशी कामाला येते, ते तेव्हा कळलं.

रेषांचंही तसंच. लोगोत जाड बॉर्डर किंवा नुसत्या रेषेचं काम असेल, तर सेटिंगनुसार लोगो मोठा होतो आणि रेष जाडीला आहे तेवढीच राहते. कोरलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-क्यूने रेषेचं आकारात रूपांतर करा. सावली आणि ग्लो लोगोत घालूच नका. फाईल बाहेर काढताना त्यांचे बहुधा पिक्सेलच होतात, आणि दिसायलाही ते वाईट असतात.

छपाई आणि वेब यांत खरा फरक उरतो तो रंगांचा, आणि तो समजायला सोपा आहे. प्रेसला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाई. स्क्रीनला आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा प्रकाश. मोबाइलवर चमकणारा पोपटी चार शाईंतून तसा निघत नाही, भगवाही थोडा मंदावतो. म्हणून दोन्हींसाठी रंग वेगवेगळे आणि हाताने ठरवा. सीएमवायके केलेली फाईल पुन्हा आरजीबी केली तर गेलेली चमक परत येत नाही. बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शाईंचा काळा केला आणि ऑफसेटवर प्लेट केसभर सरकली की पावती पुस्तकावरचा पत्ता वाचता येत नाही. आणि कृपा करून '३०० डीपीआयचा व्हेक्टर' मागू नका. डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके, आणि तो फोटोला असतो.

वेबसाठी एसव्हीजीच. त्यातला 'व्ह्यूबॉक्स', म्हणजे लोगोची चौकट सांगणारी ओळ, कुणी साफसफाईच्या नादात उडवला नाही ना, तेवढं बघा. तो गेला की लोगो लहानमोठा होताना कापला जातो. वर्डप्रेस एसव्हीजी आपणहून अपलोड करू देत नाही, कारण तिच्यात स्क्रिप्ट दडवता येते. तिथे आणि लिंकच्या प्रिव्ह्यूसाठी पीएनजी वापरा. जेपीजी नको. जेपीजीला पारदर्शकता नसते, म्हणून तर पिवळ्याधमक फ्लेक्सवर लोगोभोवती ते पांढरं खोकं दिसतं. तरी लोक तेच छापून, बांधून, हार घालून मोकळे होतात.

नवीन लोगो करून घेत असाल तर पैसे देण्याआधी डिझायनरसमोरच फाईल उघडायला लावा आणि वरच्या परीक्षा तिथेच घ्या. कर्व्ह न केलेली मूळ फाईल, सीएमवायके पीडीएफ, एसव्हीजी आणि पारदर्शक पीएनजी, इतकं हातात घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गॅलरीतून फोटो म्हणून गेलं की व्हॉट्सॲप ते आवळून टाकतं. आणि फाईलच्या नावात 'फायनल' लिहू नका, तारीख लिहा.