विजेवरच्या पद्मिनीची थरथर कशी शोधावी?

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी कोकणात आजही एखाद्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली जपलेली दिसते. तिचे १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन काढून विजेची मोटर बसवली की मालक शांत गाडीची अपेक्षा करतो. प्रत्यक्षात मात्र ताशी साठच्या आसपास पायाखालचा पत्रा थरथरू लागतो आणि सगळा दोष नव्या मोटरीच्या माथी मारला जातो. पुष्कळदा ही थरथर जुनीच असते. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० हिसके बसतात, आणि त्या गोंगाटात मागच्या भागातले बारीक कंप झाकले जातात.

पाना हातात घेण्याआधी थोडे गणित करावे, असे माझे ठाम मत आहे. टायरचा घेर १.८ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे ९ फेरे घेते. डिफरन्शियलचे (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेटीचे) गुणोत्तर ४.३ असेल, तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा फिरता दांडा, सुमारे ४० फेरे घेतो. मूळ गिअरबॉक्स ठेवून १.५ गुणोत्तराच्या गिअरमध्ये गाडी चालवली, तर मोटर ६० फेरे घेते. त्यामुळे ९ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ९ कंपांची, थरथर चाक, टायर किंवा ब्रेक ड्रमकडे बोट दाखवते, ४० हर्ट्झची शाफ्टच्या असंतुलनाकडे, ६० हर्ट्झची मोटर आणि तिच्या कपलिंगकडे (मोटर व गिअरबॉक्स यांच्यातल्या जोडाकडे), तर ८० हर्ट्झची शाफ्टच्या क्रॉसकडे (टोकांवरच्या, कोनात वळू शकणाऱ्या जोडाकडे).

क्रॉसची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण रूपांतरात सर्वांत जास्त दुर्लक्ष तिथेच होते. क्रॉस कोनात फिरतो, तेव्हा आत येणारी गती एकसमान असली तरी बाहेर पडणारी गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा घटते; म्हणूनच ४० फेऱ्यांवर ८० हर्ट्झ. कोन १० अंशांचा असेल, तर हा चढउतार दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्क्याचा असतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन समान असले आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे दोन फाट्यांचे तुकडे) योग्य दिशेत बसवलेले असले, तर एका क्रॉसचा चढउतार दुसरा भरून काढतो. मोटर बसवताना गिअरबॉक्सची उंची किंवा झुकाव बदलतो, आणि डिकीत ठेवलेल्या बॅटरीच्या वजनाने मागचे पाटे दबून दुसऱ्या टोकाचा कोनही बदलतो, म्हणजे जुळलेले गणित दोन्हीकडून बिघडते. म्हणून हे कोन गाडी चाकांवर उभी असताना आणि बॅटरी जागेवर असतानाच मोजावेत; बॉडीखाली जॅक लावला, तर अ‍ॅक्सल खाली लोंबकळतो आणि माप फसते.

किनाऱ्यावर आणखी एक कारण असते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत क्रॉसच्या कपांमधले सुईसारखे रोलर खाऱ्या दमट हवेने गंजतात, आणि क्रॉस हाताने फिरवला, तर तो अडखळत फिरतो. टायरही एकाच जागी दबून सपाट होतात, पण ती ९ हर्ट्झची थरथर काही किलोमीटर चालवल्यावर बहुधा कमी होते.

खरी परीक्षा घाटात होते. आंबा घाटासारख्या रस्त्यावर एकाच वेगाने आणि एकाच गिअरमध्ये चढताना मोटर शाफ्टला पुढे पिळते, तर उतरताना रिजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे (मोटरच जनित्र होऊन गाडीला आवरते त्यामुळे) तोच शाफ्ट उलट पिळला जातो. फेरे तेवढेच राहतात, फक्त पिळाची दिशा बदलते. चढताना अ‍ॅक्सलचे नाक, म्हणजे शाफ्ट जोडलेले टोक, वर उचलले जाते आणि उतरताना खाली दबते, त्यामुळे ८० हर्ट्झची थरथर एका दिशेला वाढून दुसऱ्या दिशेला घटत असेल, तर कोनाचा संशय बळावतो. थरथर दोन्हीकडे सारखीच असेल, तर आधी क्रॉसची झीज तपासावी. पिळाची दिशा बदलताना ‘खट्’ असा आवाज आला, तर गिअरच्या दातांमधली किंवा स्प्लाइनमधली (दांड्यावरच्या खाचांच्या जोडातली) ढिलाई शोधावी. सपाट, मोकळ्या रस्त्यावर गिअर बदलूनही पाहावे: वेग तोच असताना कंपांची वारंवारता बदलली, तर दोष मोटरीच्या बाजूला आहे.

मोटरीच्या बाजूचा संशयित म्हणजे कपलिंग. मध्यापासून ५ सेंटीमीटरवर १० ग्रॅम जादा वजन असले, तर सेकंदाला ६० फेऱ्यांवर सुमारे ७ किलो वजनाइतका जोर फिरत राहतो, आणि फेरे दुप्पट झाले की तो चौपट होतो. पद्मिनीचे मूळ इंजिन ज्या फेऱ्यांपर्यंत कधी जात नव्हते, तिथे मोटर सहज पोहोचते. स्प्लाइनपाशी तांबूस भुकटी दिसली, तर जोड सरळ रेषेत नाही असे समजून डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारे काट्याचे मापक, लावावे.

मोबाइलमधल्या कंपनमापकाने हे आकडे घेता येतात, पण अ‍ॅप सेकंदाला १०० नोंदी घेत असेल, तर ५० हर्ट्झच्या वरचे काहीही खरे दिसत नाही. ८० हर्ट्झचा कंप तिथे २० हर्ट्झचा भासतो, आणि तो चाकाच्या दुप्पट फेऱ्यांच्या, म्हणजे १८ हर्ट्झच्या, इतका जवळ असतो की लोक निष्कारण टायर बदलून बसतात. सेकंदाला ४०० नोंदी घेणारे अ‍ॅप वापरावे आणि फोन सीटवर न ठेवता शाफ्टच्या बोगद्यावर (गाडीच्या तळावर शाफ्टसाठी केलेल्या उंचवट्यावर) पक्का चिकटवावा.