विक्रमला रिमोट नव्हता

भाचा परवा जेवायला आला. नुकताच टीम लीड झालाय. पोळीचा एक घास, फोनवर एक सूचना, असं चाललं होतं. "मामा, सोपवलं की घोळ होतो, त्यापेक्षा मीच बघतो."

म्हटलं, इस्रोला ही चैन परवडत नाही. त्यावर तो म्हणाला, "का? चांद्रयान-3 चा विक्रम लँडर चंद्रावर बंगळुरूहून रिमोटनेच उतरवला ना?" असं बऱ्याच जणांना वाटतं.

चंद्र सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटर दूर. रेडिओ संदेश जायला साधारण 1.3 सेकंद, यायला तेवढेच. उतरायला सुरुवात केली तेव्हा विक्रमचा वेग होता सेकंदाला 1.68 किलोमीटर. चूक पडद्यावर दिसून आपला आदेश पोचेपर्यंत तो चार किलोमीटर पुढे! म्हणून 23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी 5:44 च्या सुमारास स्वयंचलित क्रम सुरू झाला आणि पुढची वीसेक मिनिटं निर्णय लँडरचेच. (ही एआयची जादू असल्याचे फॉरवर्ड मलाही आले. जादू कसली, सेन्सरची मोजमापं आणि माणसांनी आधीच लिहून ठेवलेले नियम!)

पण काम तर 2019 मध्ये चांद्रयान-2 लाही सोपवलं होतं. नियमही होते. मग बिघडलं कुठे? 2023 मध्ये इस्रोचे प्रमुख असलेल्या एस. सोमनाथ यांनी नंतर सांगितलं ते मला फार आवडतं. पाच इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा थोडा जास्त भरला, मार्गातली चूक साठत गेली. ती तिथल्या तिथे सुधारायची, तर एक नियम आडवा आला: छायाचित्रं घेताना यान स्थिर ठेव. तो टप्पा संपेस्तोवर चूक मोठी झाली, आता झटकन वळायला हवं होतं. तिथे दुसरा नियम: वळण्याच्या वेगाला मर्यादा. आणि तिसरा: उतरायचं ते 500 मीटर बाय 500 मीटरच्या चौकोनातच. जमीन जवळ आलेली, तरी तो चौकोन गाठायला यान वेग वाढवत राहिलं. एकेक नियम शहाणाच, पण तिघांची गाठ पडली आणि यान आदळलं.

चांद्रयान-3 मध्ये चौकोन झाला सुमारे चार किलोमीटर बाय अडीच. मधलं पाचवं इंजिन काढलं, इंधन वाढवलं, वळण्याची मर्यादा सैल केली, थेट वेग मोजणारं लेझरचं उपकरण बसवलं. पाय इतके भक्कम केले, की सेकंदाला तीन मीटर वेगाने टेकला तरी चालेल. काय काय बिघडेल, याची यादी आधी आणि आराखडा नंतर.

"म्हणजे त्यांनी चुकायलाच जागा ठेवली?" भाचा म्हणाला.

"नुसती जागा नाही, किती ते मोजून."

तो काहीतरी विचारणार होता, तेवढ्यात फोन वाजला. उठून गॅलरीत गेला. वरणभात निवत राहिला.