वेल्डिंगचं काम द्यायच्या आधी एकदा वाचा

आमचं वर्कशॉप रबाळे एमआयडीसीत आहे, कामं ठाणे, ऐरोली, वाशी सगळीकडे चालू असतात आणि फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, किलोचा रेट काय? रेट सांगतोच, पण त्याआधी माल कुठला आणि वस्तू बसणार कुठे एवढं सांगा, कारण वेल्डिंग कुठलं करायचं ते त्यावरच ठरतं.

ग्रिल, गेट, गच्चीवरची शेड याला रॉडचं वेल्डिंग बेस्ट. रॉडवरचं कोटिंग जळून स्वतःचाच गॅस तयार करतं त्यामुळे थोडा वारा असला तरी चालतं. सीओटू वेल्डिंगमध्ये जोडावर कार्बन डायऑक्साइड गॅस सोडतात आणि वायर मशीनमधून आपोआप येते, काम फास्ट आणि जोडावर साचणारी खपली, म्हणजे स्लॅगही जवळजवळ नाही, पण खाडीकडचा वारा सुटला की गॅस उडून जातो आणि जोडात बारीक भोकं राहतात, म्हणून सीओटूचं काम आम्ही वर्कशॉपमध्येच करतो, साइटवर नाही.

दुकानात पोटमाळा करताय, वर माल ठेवणार, तर तिथे नेहमीचा ६०१३ नंबरचा रॉड नको, ७०१८ लागतो. हा रॉड पावसाळ्यात हवेतला ओलावा लगेच ओढतो आणि तसाच वापरला तर जाड लोखंडात जोडाच्या बाजूला क्रॅक जायची भीती, तीही कधीकधी दुसऱ्या दिवशी. म्हणून ओलावा धरलेला रॉड ३०० डिग्रीच्या वर ओव्हनमध्ये भाजून घ्यावा लागतो. काम कोणालाही द्या, पण रॉड भाजलाय का हे नक्की विचारा, आम्हालाही विचारा.

स्टेनलेसच्या रेलिंगला आर्गन गॅसचं वेल्डिंग. हळू होतं, कारागीर हाताचा पक्का लागतो, म्हणून महाग. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस पाइपला ३०८ ची फिलर वायर, म्हणजे जोडात वितळवून भरायची तार. खाडीजवळ राहत असाल तर स्वस्तातला २०२ घेऊच नका. आणि ३०४ असूनही तांबूस डाग पडले तर बऱ्याचदा कारण हे असतं की लोखंडावर वापरलेला ब्रश किंवा ग्राइंडरचं चाक स्टेनलेसवर फिरवलंय, आमच्याकडे दोन्हीचे ब्रश वेगळे आहेत, येऊन बघा.

जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप असेल तर जोडाजवळचं जस्त घासूनच वेल्डिंग करतो, त्याचा धूर वाईट, ताप येतो माणसाला. नंतर तिथे झिंक प्रायमर मारून देतो, त्याचे पैसे वेगळे नाहीत.

काम घरी चालू असेल तर मुलांना लांब ठेवा प्लीज. आर्क, म्हणजे वेल्डिंगचा प्रखर उजेड, डोळ्यांना लागली तर डोळे लगेच दुखत नाहीत, रात्री वाळू गेल्यासारखं टोचायला लागतं, तसं झालं तर डोळे चोळू नका, डॉक्टरला दाखवा.