स्थिरविद्युतीय पवनऊर्जा परिवर्तक

पाती, दंतचक्रे आणि फिरते जनित्र यांच्याविना, विद्युत भारित थेंब वाऱ्याच्या जोराने विद्युत क्षेत्राच्या विरुद्ध दिशेला नेऊन वीज मिळवण्याची योजना. व्हॅन डी ग्राफ जनित्रात भार वाहण्याचे जे काम पट्टा करतो, ते येथे वारा करतो.

या कल्पनेचा उगम लॉर्ड केल्व्हिन यांच्या १८६७ मधील, पडत्या थेंबांनी विद्युत भार साठवणाऱ्या जलबिंदू उपकरणात शोधण्याचा प्रघात आहे. परंतु त्यात कार्य करते ते गुरुत्वाकर्षण. त्याआधी, १८४० च्या सुमारास, न्यूकॅसलजवळच्या एका कोळसा खाणीत बाष्पकावरील (बॉयलरवरील) कामगाराने एक हात गळत्या वाफेत धरून दुसरा झडपेच्या तरफेकडे नेताच ठिणगी उडाली. त्यावरून विल्यम आर्मस्ट्राँग यांनी वाफेवर चालणारे विद्युत यंत्र तयार केले आणि ही वीज वाफेतील जलकण तोटीला घासल्याने उपजते, असे फॅराडे यांनी १८४३ मध्ये दाखवले. वाहत्या वायूने भारित थेंब नेणे हे सूत्र येथे स्पष्ट असल्याने या परिवर्तकाचा पूर्वज म्हणून आर्मस्ट्राँग यांचे यंत्र अधिक जवळचे वाटते.

थेंबांऐवजी केवळ आयन (विद्युत भारित अणू-रेणू) का चालत नाहीत, हा कळीचा प्रश्न आहे. हवेतील लहान आयनांची चलनशीलता (एकक विद्युत क्षेत्रात मिळणारा वेग) सु. १.५ ते २ चौ. सेंमी. प्रति व्होल्ट-सेकंद असते. म्हणजे मीटरला १ लक्ष व्होल्ट इतक्या क्षेत्रात ते १५ ते २० मी. प्रति सेकंद वेगाने मागे ओढले जातात आणि साधारण वारा त्यांना रोखू शकत नाही. थेंब जड व मंद असल्याने वाऱ्याबरोबर जातो. मात्र त्याच्यावर किती भार मावेल याला पृष्ठताणामुळे मर्यादा पडते (भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली, १८८२) आणि ती ओलांडल्यास थेंब फुटतो. दुसरी मर्यादा हवेचीच आहे. मीटरला सु. ३० लक्ष व्होल्टला हवेचे निरोधन मोडते, म्हणजे तिच्यातून ठिणगी जाते. त्या क्षेत्राचा स्थिरविद्युतीय दाब जेमतेम ४० पास्कल भरतो, तर सेकंदाला १० मी. वेगाच्या वाऱ्याचा गतिक दाब (वेगामुळे पडणारा दाब) सु. ६० पास्कल असतो; म्हणजे अशा वाऱ्याचा सगळा जोर क्षेत्राला पेलता येत नाही.

अमेरिकेत अल्विन मार्क्स यांनी अशा योजनांची एकस्वे (पेटंट) घेतली. नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात धीरज जयराम व योहान स्मिट यांनी ‘इविकॉन’ या नावाने प्रयोग केले. त्यात भारित फवारा वाऱ्यावर सोडून दिला जातो, जमिनीपासून निरोधित ठेवलेली फवारणी यंत्रणाच विरुद्ध भाराने भरत जाते आणि पृथ्वी संग्राहकाचे काम करते. मेकानू या वास्तुसंस्थेने २०१३ मध्ये तिला पोलादी चौकट व आडव्या नळ्यांचे रूप दिले. फवाऱ्याला सतत पाणी लागते आणि थेंबांना भार देण्यास काही वीज खर्च होते. निव्वळ उत्पादन ही वजावट करूनच मोजावे लागते.