हार्ट फेल्युअरमधील मानसिक ताण

हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद घटल्यावर, म्हणजे हार्ट फेल्युअर झाल्यावर, रुग्णाला वर्षानुवर्षे सोबत करणारी भीती, चिंता व नैराश्य आणि त्यांना तोंड देण्याच्या रीती.

पहिला धक्का बहुधा आकड्याचा असतो. इको तपासणीत ‘पंपिंग ३० टक्के’ निघाले की ७० टक्के हृदय गेलेच, असे घरचे धरून चालतात. प्रत्यक्षात निरोगी हृदयाचा डावा कप्पाही एका ठोक्याला त्यातले साधारण ५५ ते ७० टक्केच रक्त बाहेर टाकतो. औषधांनी हा आकडा पुष्कळदा सुधारतो. एवढे समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात आणि ती डॉक्टरांनी द्यायलाच हवीत.

ताणात अ‍ॅड्रेनलिन वाढते, ठोके जलद होतात, रक्तवाहिन्या आकसतात. या आजारात ही यंत्रणा आधीच सतत चेतवलेली असते. बीटा ब्लॉकर गोळ्या तिलाच आवर घालतात. धाप लागली की घाबरायला होते आणि घाबरल्याने धाप वाढते. थकवा, झोपमोड, मंदावलेली भूक ही आजाराचीही लक्षणे आहेत आणि नैराश्याचीही, त्यामुळे नैराश्य नजरेतून सुटते. २००६ मधील एका मोठ्या आढाव्यानुसार सुमारे पाचातल्या एका रुग्णाला ते असते.

रोजची बंधनेही जाचतात. सकाळी वजन करायचे, कारण दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर अंगात पाणी साठत असण्याची शक्यता असते. लोणचे-पापड बंद. लघवीच्या गोळीमुळे एसटीचा प्रवास, लग्नकार्ये टाळली जातात, किंवा त्या दिवशी गोळीच टाळली जाते. हे दुसरे धोक्याचे. गोळीची वेळ पुढेमागे करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. २०१३ मध्ये त्रिवेंद्रममध्ये झालेल्या हार्ट फेल्युअर रुग्णांच्या नोंदणीत त्यांचे सरासरी वय ६१च्या आसपास होते, पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी. त्यामुळे आपल्याकडे अनेकांच्या बाबतीत कमाईची चिंताही जोडीला येते.

लॅझरस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताण हाताळण्याचे दोन मार्ग मांडले: अडचणीवर उपाय करणे आणि भावना सावरणे. इथे दोन्ही लागतात. वजनाची वही ठेवणे हा पहिला, मनातले कुणाशी तरी बोलणे, नामस्मरण हा दुसरा. आजार नाकारणे मात्र महागात पडते. केवळ नैराश्यावरच्या गोळ्यांचा अनुभव निराशाजनक आहे: सर्ट्रालिन (२०१०) आणि एसिटॅलोप्रॅम (२०१६) यांच्या चाचण्यांत या गोळ्या औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा (प्लासिबो) सरस ठरल्या नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखालचा नियमित व्यायाम आणि समुपदेशन यांनी नैराश्य थोडे कमी होते.

पथ्याचा स्वयंपाक आणि रात्रीची जाग बहुधा बायको किंवा सून सोसते. तिच्या ताणाची नोंद केसपेपरवर कुठेच होत नाही, ही मोठी उणीव आहे. रुग्णाला किंवा तिला बोलावेसे वाटले, तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही उपलब्ध आहे.