निरीक्षणगृहातला काउन्सेलर आणि त्याचं ट्रेनिंग: थोडी पार्श्वभूमी

एमएसडब्ल्यू किंवा सायकॉलॉजीत एमए करून नुकतीच बाहेर पडलेली मुलं-मुली निरीक्षणगृहात (गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठराखालच्या मुलांना चौकशी चालू असताना ठेवतात ती जागा) काउन्सेलर म्हणून लागतात, बहुतेक वेळा कंत्राटावर, आणि समोर सतरा वर्षांचा मुलगा येऊन बसतो जो मान वर करत नाही, विचारलं की "माहीत नाही" एवढंच म्हणतो. अशा वेळी काय करायचं हे त्यांना कोणी बसून शिकवलेलं नसतं. याचं मूळ बरंच मागे आहे.

आपल्याकडे १८५० चा अप्रेंटिसेस अ‍ॅक्ट, मग १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससूनच्या नावाने सुरू झालेली सुधारशाळा, पुढे १८७६ आणि १८९७ चे रिफॉर्मेटरी स्कूल्स अ‍ॅक्ट, या सगळ्यांमागे एकच समजूत होती की पोराच्या हाताला धंदा आणि अंगाला शिस्त लावली की तो सुधारतो. त्याच्या मनात काय चाललंय हे विचारणारं पदच त्यात नव्हतं. १९१९-२० च्या जेल कमिटीने मुलांसाठी वेगळी कोर्टं हवीत असं सांगितलं, त्यानंतर १९२४ मध्ये मुंबईचा चिल्ड्रन अ‍ॅक्ट आला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी झाली आणि मुंबईतल्या डोंगरीचं रिमांड होम (निरीक्षणगृहाचं जुनं नाव) तिच्याकडे आलं. ही इमारत मूळची तुरुंगाची, १८८२ मध्ये टिळक-आगरकर १०१ दिवस होते तोच डोंगरीचा तुरुंग! म्हणजे मुलांना तुरुंगातून वेगळं काढायचं ठरलं आणि जागा मिळाली ती जुन्या तुरुंगाची. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण तुरुंगाच्या बांधणीत पहाऱ्याची सोय असते, दोघांनी निवांत बसून बोलायची नसते.

ट्रेनिंगची सुरुवात मात्र आपल्याच मुंबईत चांगली झाली होती. १९३६ मध्ये नागपाड्याला समाजकार्य शिकवणारं सर दोराबजी टाटा स्कूल सुरू झालं (आजचं टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), आणि पुढच्याच वर्षी त्यांनी देशातलं पहिलं चाइल्ड गायडन्स क्लिनिक, म्हणजे मुलांच्या मानसिक अडचणींसाठीचं केंद्र, काढलं. पण या होम्सच्या यंत्रणेत महत्त्वाचा माणूस होता प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे परिविक्षा अधिकारी, जो घरी जाणार, शेजारीपाजारी चौकशी करणार आणि कोर्टाला रिपोर्ट देणार. काम मोलाचंच, पण मुलाला पक्कं कळतं की हा माणूस लिहून घेतोय ते साहेबांपुढे जाणार आहे.

काउन्सेलिंग कायद्यात आलं फार उशिरा. १९८६ च्या जुव्हेनाइल जस्टिस अ‍ॅक्टमध्ये (बाल न्याय कायद्यात) मुलाला समज देऊन किंवा ताकीद देऊन घरी सोडायची तरतूद होती, २००० च्या कायद्यात त्याच तरतुदीला मुलाचं आणि पालकांचं समुपदेशन जोडलं गेलं, ग्रुप काउन्सेलिंगही आलं. मग २००९ च्या आसपास केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून काउन्सेलर होममध्ये पोचला. कंत्राटी पद असल्यामुळे माणसं टिकत नाहीत, आणि जो शिकून तयार होतो तोच निघून जातो, मग नव्याला शिकवणारा जुना उरत नाही.

त्यात दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, ज्यात एक आरोपी अठराखालचा होता, वातावरण तापलं आणि २०१५ चा कायदा आला. १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर कलम १५ खाली बोर्ड (अशा मुलांच्या केसेस पाहणारं बाल न्याय मंडळ) तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करतं, मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज वगैरे, आणि त्यावरून त्याची केस मोठ्यांसारखी चालवायची की नाही ते ठरतं. कायदा इथे अनुभवी सायकॉलॉजिस्टची मदत घेता येईल असं म्हणतो. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे काम नाजूक आहे असं म्हणून मार्गदर्शक सूचनांची गरज सांगितली, २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने त्या काढल्या. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा 'संवाद' उपक्रम आता अशा ट्रेनिंगचं काम करतो, ही खरंच चांगली गोष्ट आहे.

पण नव्या काउन्सेलरचा रोजचा पेच वेगळाच असतो. मुलगा हळूहळू खुलतो, बापाच्या मारहाणीबद्दल बोलतो, नशेबद्दल बोलतो आणि एक दिवस त्या गुन्ह्याबद्दल बोलायला लागतो. आता हे फाइलीत लिहायचं का? व्यक्तिगत काळजी योजनेचा फॉर्म ७ भरायचा आहे, अधीक्षक विचारणार, बोर्डही विचारू शकतं. काय गुप्त राहील आणि काय सांगावं लागेल हे पहिल्याच भेटीत मुलाला साध्या भाषेत सांगायला शिकवलं पाहिजे, आणि ते वर्गात लेक्चर देऊन होत नाही, जुन्या काउन्सेलरशेजारी बसून ऐकावं लागतं, मग स्वतः बोलावं लागतं, मग कोणीतरी चूक दाखवावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे परिविक्षा व अनुरक्षण संघटनेची (अशी निरीक्षणगृहं चालवणारी संस्था) होम्स आहेत, तिथे असा जुना माणूस नसेल तर मोठ्या शहरातल्या सिनियरने आठवड्यातून एकदा फोनवर केसेस ऐकाव्यात, आणि नव्या मुलीला किंवा मुलाला निदान पहिले सहा महिने कलम १५ च्या केसमध्ये मत द्यायला अजिबात लावू नये.